लोखंडाच्या पिठाच्या आत्या

आत्या कुठलीही वस्तू चिमटीत उचलत नसत. चहाचा कप असो, देवाचा प्रसाद असो. त्या तळहात सपाट करून खाली धरायच्या आणि वस्तू त्यावर यायची वाट बघायच्या.

ही सवय कामातून लागलेली. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लोखंडाच्या पावडरीपासून पंख्याचे, मिक्सरचे बुश बनतात. पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती अंगठीएवढी नळी म्हणजे बुश. राखाडी, मैद्यासारखी पावडर साच्यात पडते, प्रेस दाबतो आणि बुश बाहेर येतो. दिसायला अख्खा लोखंडी. पण भट्टीतून भाजून निघेपर्यंत इतका कच्चा, की बोटांनी जरा आवळला तर कड ढासळते. हे कच्चे बुश उचलून भट्टीच्या ट्रेमध्ये मांडायचं काम आत्यांचं. एमआयडीसीला लागून असलेल्या गावातल्या त्या आगरी. खरं नाव हजेरीपुरतं. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या त्या आत्याच.

मी इथे टेस्टिंगला आले ती कल्याणजवळच्या मोहन्याच्या चाळीतून, आमच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी. हे मी आजही ताठ मानेने सांगते, आणि तेव्हा तर दिसेल त्याला सांगत होते. आत्यांनी मग माझं नावच टाकून दिलं. टेस्टिंगच्या खोलीच्या दारातून रोज हाक यायची, "ए बीएस्सी, जेवलीस कं?" पहिल्याच आठवड्यात मी एक कच्चा बुश मापायला उचलला आणि तो माझ्या बोटांत चुरला. आत्या खदखदून हसल्या. "नवऱ्याला असा धरू नको गं, पलून जाईल!" मग चुरा गोळा करून त्यांनी पावडरीच्या डब्यात टाकला. "काय नाय गेला वाया. परत दाबू."

पावडरीला त्या लोखंडाचं पीठ म्हणायच्या. मिठाईच्या खोक्यात माल ताजा राहायला पुडी ठेवतात, तिच्यातही हेच पीठ असतं, असं मी एकदा त्यांना सांगितलं. झालं! तेव्हापासून कुणाकडेही खोका उघडला की मिठाई राहायची बाजूला, त्या आधी पुडी शोधायच्या आणि सगळ्यांना दाखवायच्या, "ही आमची." कुणाच्या घरी गेल्या तर बसायच्या आधी पंख्याखाली उभ्या राहून ऐकायच्या. कुरकुरला, की निकाल ठरलेला: "हा आपला बुश नाय."

माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. कल्याणच्या हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. थोडी सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता आईने तिला जवळ घ्यायला हवं, त्याने ती लवकर वाढेल. मी हातच लावेना. तिची ती बोटं बघितली की मला माझ्या हातात चुरलेला बुश आठवायचा. नर्स रागावली, सासूबाई रडल्या. मी आपली खोलीबाहेर, काचेला नाक लावून.

पाळी संपवून आत्या आल्या, नखांत राखाडी तशीच. काचेतून बराच वेळ बघून म्हणाल्या, "भट्टीत ठेवलीय. पक्की होऊन येल."

सासूबाई भडकल्या. "अहो, काय बोलताय! मूल आहे ते."

"मंग काय झाला? आमचे पन कच्चेच जातात आत. निघतात ते ट्रकखाली आले तरी हूं नाय करत."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. आत्यांनी माझा हात ओढला आणि आवळलेलं एकेक बोट सरळ केलं. "चिमटीत नाय धरायची. हात खाली घाल नि थांब. ती आपली आपण येते."

मी हात धुऊन आत गेले. नर्सने तिला जरा उचललं, मी खाली तळहात सरकवला आणि थांबले. तिचं सगळं वजन हळूहळू माझ्या हातावर आलं. काचेबाहेर आत्या ओरडत असाव्यात. आवाज येत नव्हता, पण ओठ कळत होते: आवळू नको गं, बीएस्सी!

लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास आत्यांचे हात थरथरू लागले. ट्रेमध्ये कड तुटलेले बुश दिसायला लागले. मालक चांगला माणूस. म्हणाला, आत्या, पॅकिंगला बसा, तिथे माल पडला तरी बिघडत नाही. "पक्क्याला कुनीपन उचलील," म्हणाल्या आणि घरी बसल्या. मी खूप सांगून बघितलं. नाही ऐकलं.

त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी मी लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. सुनेने चहा दिला. आत्यांनी बशीसकट कप तळहातावर घेतला, बशी खडखडली, आणि त्यांनी तो परत खाली ठेवला. आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागलो. चहा निवत चालला. माझी लेक मात्र उठली, त्यांच्यासमोर बसली, त्यांच्या हाताखाली आपला तळहात सपाट धरला आणि थांबली. हे तिला मी कधी शिकवलेलं नाही; माझं बघून आलं असेल.

आत्या तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्याच्या आधाराने कप उचलला. थोडा चहा तिच्या मनगटावर सांडलाच.

"भाजला कं गं?"

"नाही."

"मंग पक्की हाय," आत्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा प्यायल्या.