शंख कोणी फोडले

मी बायकोवर खोटा आळ घेतला, आणि त्याचा राग मला आजही येतो. शहापूरच्या घरी मी खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचो. दुकानातून आणलेल्या समुद्री दगडात लपून एक मँटिस कोळंबी टाकीत आली. पुस्तकातलं चित्र पाहून, नुसत्या रंगावरून मी ठरवून टाकलं, की हिच्या दोन जातींपैकी ही भाल्यासारख्या नांगीची, मासे मारणारी जात. मासे तर शाबूत होते. मरत होत्या टाकीतल्या गोगलगायी, शंख फुटून. म्हणजे कोळंबी निर्दोष!

"साबणाचे हात टाकीत घालतेस तू," मी बायकोवर ओरडलो. तेही धसईहून आलेल्या तिच्या भावासमोर.

"साबनानं शंख फुटत नाय. त्या कोळंबीच्या नांग्या बघा आधी," ती म्हणाली. लहानपणापासून तिनं शेतातले खेकडे धरलेले.

"मला शिकवू नकोस!"

ती भावाबरोबर माहेरी गेली. चौथ्या दिवशी कोळंबीनं माझ्यादेखत नांगीच्या जाड गाठीनं ठोसा हाणून शंख फोडला. ही दुसरी, ठोसे मारून शंख फोडणारी जात होती. गाठ पहिल्या दिवसापासून समोर होती. मी मूर्खानं बघितलीच नव्हती.

तसाच धसईला गेलो. मेव्हणा ओटीवर होता, बायको दारात.

"तू बरोबर ओळखलंस, गाढव मी," मी म्हणालो. "ह्याच्यासमोर ओरडलो, ह्याच्यासमोरच माफी मागतो."