दामू ओव्हाळची लाल गाडी

कर्जतजवळच्या चौक गावी हमरस्त्याच्या कडेला एका पारशी शेठची आंब्याची वाडी होती. वाडीत बंगला, बंगल्यामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दोन गाड्या. एक काळी, चार दारांची, सहा माणसं ऐसपैस बसतील अशी. दुसरी लाल, विलायती, दोनच दारांची. तिला वर पत्रा नव्हता, मागे घडी होऊन पडणारं कापडी हुड होतं. पुढे दोन बैठका आणि मागे एक अरुंद बाक. शेठ उमेदीत असताना रविवारी ती लाल गाडी घेऊन खंडाळ्याला जायचा, तेव्हा ढाब्यावरची माणसं हातातला चहा तसाच धरून बघत राहायची.

दोन्ही गाड्यांची निगा दामू ओव्हाळकडे होती. दामू कडावच्या बौद्धवाड्यातला. बाबासाहेबांच्या मागोमाग घरातले देव उतरवून दीक्षा घेतलेल्या घरातला तो पहिला ड्रायव्हर. आठवडाभर शेठच्या वाडीवर राहायचा, सुट्टीला सायकल मारत घरी यायचा. घरी म्हातारी आई ठकूबाई, बायको येसूबाई आणि एकच मुलगी, हिरू.

अडुसष्ट सालच्या माघात शेठने वाडी विकली. मुलाकडे परदेशी कायमचं जायचं ठरलं होतं. निघण्याआधी त्याने दामूला शेडमध्ये नेलं.

"दामू, इतकी वर्षं तू माझी गाडी चालवलीस. यातली एक तुझी. कुठली पाहिजे ती घे."

दुसरा कुणी असता तर गावभर सांगत सुटला असता. दामू मात्र शेडच्या दारात खाली बसला. नोकरी गेली होती. पुढचं पोट गाडीवरच चालायचं, तर गाडी काळीच घ्यायला हवी होती. कर्जत स्टेशनवर टॅक्सी म्हणून ती रोज धावली असती. चौकचा गॅरेजवाला सखा मिस्त्री, दामूचा जुना दोस्त, तेच म्हणाला. "लाल गाडी शेठ लोकांची मौज हाय रं. तिच्यात पाशिंजर बसवशील कुठं? काळी घे, डोळं झाकून घे."

पण घरी हिरू होती.

हिरू नऊ वर्षांची. वर्षभरापूर्वी लंगडायला लागली, मग रात्रंदिवस खुबा धरून रडायला लागली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याच्या हाडाला क्षय आहे. औषध सुरू केलं आणि छातीपासून दोन्ही पायांपर्यंत प्लॅस्टर घातलं. पाय फाकवलेले, मधे आडवी काठी. पोर जशी ठेवाल तशी पडून राहायची. बसता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी प्लॅस्टर बदलायला मुंबईला न्यायचं होतं.

न्यायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा इस्पितळातून आणताना टॅक्सीवाल्याने दार उघडून पाहिलं आणि हात जोडले. एसटीच्या कंडक्टरने घेतलं नाही. लोकलच्या डब्यात ती काठी शिरेना. शेवटी एका ट्रकच्या हौद्यात भुशाच्या पोत्यांवर तिला निजवून आणली. पनवेलच्या पुढे एका खड्ड्यात ट्रक आदळला आणि हिरू अशी ओरडली, की येसूबाईने पुढे कित्येक दिवस जेवताना मधेच घास खाली ठेवावा.

दुसऱ्या दिवशी शेठची परवानगी घेऊन दामूने दोन्ही गाड्या कडावला आणल्या. काळी सखाने चालवत आणली. बौद्धवाड्यात गर्दी जमली. दामूने आणि सखाने हिरूला बाजेवरून उचललं आणि काळ्या गाडीचं मागचं दार उघडलं. सरळ घातली तर काठी अडली. तिरकी केली तर टाच दाराच्या खांबाला लागली. समोरची बैठक काढून पुन्हा पाहिलं. हिरूने ओरडू नये म्हणून स्वतःची वेणी दातांत धरली होती. ते पाहिल्यावर येसूबाईनेच, "पुरं करा आता," म्हणून त्यांचे हात धरले.

मग लाल गाडी. हुड मागे पाडलं, बाकावर आडवी फळी टाकली, फळीवर गोधडी. दोघांनी हिरूला दारावरून वर उचलली आणि वरूनच अलगद खाली ठेवली. पाय थोडे दाराबाहेर राहिले, पण कुठे काही अडलं नाही.

"दुखतंय का गं?" दामूने विचारलं.

"नाय," हिरू म्हणाली. "इथं नाय दुखत."

ठकूबाई म्हातारी मागून म्हणाली, "आन् खायाचं काय रं, दामू? ही गाडी दूध देनार हाय का?"

दामू हिरूच्या पाठीखालची गोधडी सारखी करत राहिला. संध्याकाळी काळी गाडी चौकला परत गेली, लाल कडावला राहिली.

होळीच्या सुमारास ते पहिल्यांदा त्या गाडीतून मुंबईला गेले. दामू चालवायला, येसू शेजारी, मागे फळीवर हिरू, तोंडावर पदराची सावली. पनवेल, शीळ, मुंब्रा, ठाणे. गाडी पाण्यातून होडी जावी तशी गेली. पनवेलच्या नाक्यावर पोरं मागे धावली, कुणीतरी नटाची गाडी म्हणून ओरडलं. हिरू पडल्या पडल्या हात हलवत होती. नवं प्लॅस्टर घालून त्याच दिवशी परत आले. त्या एका दिवशी दामूला वाटलं, आपण बरोबर निवडलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. लाल गाडीत भाडं मिळेना. कर्जत स्टेशनवर उतरलेली माणसं गाडीभोवती फिरून बघायची, हात लावायची आणि टांग्यात बसायची. दामू भाताच्या गिरणीत पोती उचलायला लागला, येसू दुसऱ्यांच्या शेतावर. पेट्रोल घालायला जमेना म्हणून गाडी पेंढ्याखाली झाकून ठेवली. जेवणाची भांडी लवकर घासून व्हायला लागली. ठकूबाई आपल्या ताटातली भाकरी मोडून नातीच्या ताटात टाकायची.

वैशाखात कडावचे आबाजी दारात आले. मोठी शेती, वजनदार माणूस. मुलाचं लग्न होतं आणि वरात उघड्या गाडीतून काढायची हौस होती. दामूला वाटलं, सुटलो. या एका भाड्यात पुढच्या मुंबईच्या फेरीचं पेट्रोल निघणार होतं.

"गाडी झ्याक हाय तुझी," आबाजी म्हणाले. "पन एक हाय दामू. चालवायला आमच्या साडूचा मुलगा येईल. वाईट वाटून घेऊ नको. पावनं-रावळं असत्यात, देवाचं काम हाय, उगा कुनी बोलायला नको."

आबाजी गेल्यावर येसू आतून बाहेर आली.

"देऊ नका," ती म्हणाली. "आपली गाडी आन् आपन हात लावायचा नाय?"

"प्लॅस्टर बदलायचं हाय, येसू."

"म्हनून काय बी सोसायचं?"

"मग काय करू, तूच सांग."

वरातीच्या दिवशी दामूने गाडी धुतली, पुसली आणि चावी परक्याच्या हातात दिली. वरात गावातून फिरली तेव्हा तो बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभा होता. वाजंत्रीतूनही त्याला इंजिन ऐकू येत होतं. तो पोरगा क्लचवर पाय ठेवूनच गाडी रेटत होता. अर्धं क्लच दाबून, रेस करून, मुंगीच्या चालीने, सगळ्या गावातून. दामू दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे फिरला. गाडी परत आली तेव्हा तिच्या पोटातून जळका वास येत होता. सखाने चौकहून येऊन पाहिलं. "क्लचची प्लेट जळली हाय. दुसरी मुंबईलाच मिळंल, ती बी मिळाली तर. सपाटीला चालंल. चढाला उभी राहील."

आबाजींनी अर्धे पैसे दिले, बाकीचे मागाहून देतो म्हणाले. पेट्रोल आलं आणि गाडी गेली, असं झालं.

ज्येष्ठात हिरूला ताप भरला. आधी कुणाला वाटलं साधाच आहे. मग प्लॅस्टरमधून वास यायला लागला. येसूने कमरेजवळच्या फटीतून चिंधी घालून पुसलं, तर चिंधी पिवळी निघाली. कर्जतच्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, आजच्या आज मुंबईला न्या.

पाऊस धरलेला होता, तरी ते निघाले. लाल गाडीचं हुड वर ओढलं तर हिरूच्या पायांवर येत होतं, आणि कापडही उसवलेलं. ते मागे पाडूनच ठेवलं. येसूने भातलावणीचं इरलं, पळसाच्या पानांचं, हिरूवर उपडं घातलं आणि स्वतः मागे वळून, गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी ते धरून राहिली. चौक गेलं, पनवेल गेलं. पाऊस तिरका यायचा. इरल्याखालून हिरू काहीतरी बोलायची, तापातलं, एकमेकाला न जुळणारं.

मुंब्र्याच्या चढावर गाडी उभी राहिली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं हलत नव्हती. दामूने पुन्हा पहिला गिअर घातला, पुन्हा तेच. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. त्याने ब्रेक ओढून स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"आवो," येसू म्हणाली. "आवो, ही बोलायची थांबली."

दामू खाली उतरला. हिरूचा श्वास चालू होता, उथळ, भरभर. त्याने रस्त्याकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. मग त्याने गाडी उतारावर मागे सोडून वळवली, तोंड खाली आणि शेपूट चढाकडे, आणि रिव्हर्स घातला. रिव्हर्सला जोर जास्त असतो आणि प्लेटवर ओझं कमी पडतं, हे जुने ड्रायव्हर जाणून होते. गाडी हलली. वर छप्पर नव्हतं म्हणून तो बैठकीवर उलटा वळून, अर्धा उभा राहून मागचा रस्ता बघू शकत होता. पुढे सगळा वेळ त्याच्या डोळ्यांसमोर हिरूचं तोंड होतं.

गाडी थोडी चढायची आणि थकायची. येसू खाली उतरून हातात दगड घेऊन चालत होती. गाडी थांबली की चाकाखाली दगड. इरलं आता हिरूवर नुसतं बांधलेलं होतं. खडीच्या खाणीतल्या बाया डोक्यावर पोती घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी आधी पाहिलं, मग त्यातली एक येऊन बॉनेटला खांदा लावून उभी राहिली. मग सगळ्याच आल्या. कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या रेट्याने ती लाल गाडी उलट्या तोंडाने मुंब्र्याचा चढ चढली.

इस्पितळाच्या फाटकाशी क्लच कायमचा गेला. दामूने हिरूला गाडीतून वरच्या वर उचलली आणि आत धावला.

प्लॅस्टर पावसाने एका बाजूला लगदा झालं होतं. डॉक्टरांनी ते कापलं तेव्हा खाली कमरेला मोठी जखम होती, आणि खुब्यात पू. ते म्हणाले, उशीर झालाय, पण अजून एक दिवस गेला असता तर बोलायलाच नको. त्यांनी ऑपरेशन केलं. सांधा वाचवता आला नाही. तो हाडाला हाड जुळून कायमचा ताठ होईल आणि पाय आखूड राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. येसूने फक्त एवढंच विचारलं, "जगंल ना?" डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर थांबा."

तो आठवडा आणि पुढचा सगळा पावसाळा येसू वॉर्डात खाटेखाली झोपली. दामू बाहेर गाडीत झोपायचा, अंगावर फाटकं हुड ओढून. सकाळी टॅक्सीवाल्यांच्या गाड्या धुवायचा. फुटपाथवरून जाणारे कुणी कुणी थांबून विचारायचे, गाडी कुठल्या सायबाची? तो म्हणायचा, माझी. त्यावर ते हसून पुढे जायचे. श्रावणात कडावहून निरोप आला, की ठकूबाई गेली. दामू एकटा जाऊन माती देऊन आला. नंतर पोलिसांनी गाडी हटवायला सांगितलं. कुर्ल्याचा एक भंगारवाला तिला दोराने बांधून घेऊन गेला. दामूने चावी दिली आणि कागदावर अंगठा न देता सही केली.

हिरू जगली. दिवाळीनंतर कुबड्या घेऊन ती वॉर्डात चार पावलं चालली आणि पडली. नर्स धावली, पण येसूने तिला थांबवलं. हिरू स्वतःच खाटेचा पाय धरून उठली. परत येताना प्लॅस्टर नव्हतं, म्हणून ती लोकलमध्ये दाराशी, ताठ पाय पुढे टाकून, बाकाच्या काठावर बसून आली.

दामूला पुढची दोन वर्षं धड काम मिळालं नाही. पुढे खोपोलीच्या एका कारखान्यात ट्रकवर लागला. आबाजींनी वरातीचे राहिलेले पैसे कधी दिले नाहीत आणि दामूने मागितले नाहीत. रस्त्यात भेट झाली, की दोघंही खाली बघायचे.

हिरू उशिरा का होईना, मॅट्रिक झाली आणि कर्जतच्या सरकारी दवाखान्यात कारकून म्हणून लागली. खुर्चीत बसताना ती एका बाजूला कलते, पाय सरळ पुढे ठेवते. औषधाच्या खिडकीशी गर्दी झाली की बाहेर ओळीत उभ्या असलेल्या, मूल खांद्यावर घेतलेल्या बायांना ती आधी आत बोलावते. त्यावरून बाकीचे आरडाओरडा करतात. ती मान वर करत नाही, पुढचा कागद ओढते.