बेथेलच्या पूर्वेला

दर शनिवारी दुपारी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या लायब्ररीत आम्ही तीन-चार जण एक गाव शोधत बसतो. गाव काही सापडत नाही, किस्से मात्र पायलीचे पन्नास!

गावाचं नाव आय. हिब्रू धर्मग्रंथात त्याचा पत्ता दिलाय, बेथेलच्या पूर्वेला. शत्रूंनी ते जाळून कायमचा ढिगारा करून टाकलं म्हणे. अभ्यासक ज्या टेकडीवर बोट ठेवतात, तिथं त्या काळी वस्तीच नव्हती, असं खोदणारे सांगतात. आमच्या मार्गारेटबाई हिब्रूच्या रिटायर्ड शिक्षिका, वय एक्याऐंशी. त्यांनी हातानं काढलेला त्या ग्रंथातल्या गावांचा नकाशा यंदा लायब्ररीच्या भिंतीवर लागणार होता. सगळ्या गावांना पिना टोचून झाल्या होत्या, आय तेवढं बाकी. "हे माझ्या हातून व्हायला हवं," असं त्या दर शनिवारी म्हणायच्या, आणि पिन पुन्हा डबीत ठेवायच्या.

*

इंग्रजीत या गावाचं स्पेलिंग ए आय! माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरवर दर शनिवारी लिहिलेलं असायचं, 'फाइंड एआय, दोन वाजता'. मॅनेजरनं अप्रेझलमध्ये लिहिलं, 'वीकेंडलासुद्धा एआयचा अभ्यास करतो. आउटस्टँडिंग!'

मी तरी कशाला बोलतोय!

*

आमच्या ग्रुपमध्ये डेरेक आहे, रिटायर्ड पोस्टमन. एकदा मी वैतागून म्हणालो, "'बेथेलच्या पूर्वेला' हा काय पत्ता झाला?"

डेरेक चहा ढवळत म्हणाला, "पोस्टकोड नाही एवढंच. याहून वाईट पत्त्यांवर मी पत्रं टाकलीत."

*

आमचे चिरंजीव इथेच जन्मलेले, वय सात. घरात सारखं ऐकायचे, 'आय कुठे असेल?' एक दिवस शाळेतून टीचरचा फोन आला. आवाज अगदी हळवा. "तुमच्या आईबद्दल कळलं. खूप वाईट वाटलं."

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. त्या क्षणी ती किचनमध्ये फोडणी घालत होती आणि स्मोक अलार्म कोकलत होता. चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, "मी फक्त सांगितला, बाबाचा आई हरवला!"

*

घरी एकटी कंटाळते म्हणून एका शनिवारी आईला लायब्ररीत नेलं. नकाशा दुसऱ्या दिवशी लागणार होता. मार्गारेटबाई पिन हातात धरून बसल्या होत्या. आईनं विचारलं, "आय म्हणजे काय रे?"

"हिब्रूत ढिगारा, आई. उजाड जागा."

"आपल्या घराले कोणी ढिगारा म्हणते का, बाबू? हे त जाळणाऱ्यायनं ठेवलेलं नाव आहे. तिथं राहणारे काय म्हणत होते?"

मी इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटबाईंनी पिन खाली ठेवली.

आई बोलतच होती. "आमची वस्तीबी गावाच्या पूर्वेलेच होती. गाववाले तिले काय म्हणत, ते मी इथं तोंडातून काढत नाही. आमी भीमनगर म्हणत होतो. पाय बरं तुह्या फोनच्या नकाशात, आहे का."

मी फोनवर पाहिलं. गाव होतं, देऊळ होतं, पेट्रोल पंपसुद्धा होता. भीमनगर नव्हतं. हजारो वर्षांपूर्वीचं गाव मी दर शनिवारी शोधत होतो, आणि आईचं एकदाही शोधलं नव्हतं. मला फार लाज वाटली. मी तिथेच खूण केली, नाव आईनं अक्षर-अक्षर सांगितलं. मार्गारेटबाई शेजारी खुर्ची ओढून पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी नकाशा लागला. बेथेलच्या पूर्वेला, एका निनावी टेकडीवर, पिन होती. शेजारी नावाची चिठ्ठी चिकटवलेली, कोरी.

लायब्ररीतली मुलगी म्हणाली, "मार्गारेट, इथलं नाव लिहायचं विसरलात."

"विसरले नाही गं," मार्गारेटबाई म्हणाल्या. "विचारायचं राहिलं."