लांबचं बघणारी जिजी

“हा चष्मा धर,” असं जिजी म्हणाली की समजायचं, ती आता बघायला बसणार. विचारायला आलेल्या माणसाच्या हातात ती चष्मा द्यायची, पाठ ताठ करायची, हात गुडघ्यांवर ठेवायची आणि डोळे मिटायची. एकदा मी विचारलं, चष्मा का काढतेस? तर म्हणाली, “लांबचं बघायला चष्मा कशाला लागतोय?”

आमचं गाव केज तालुक्यातलं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि गावात म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. आमची पिठाची गिरणी आहे, म्हणून आम्ही जात नाही. जिजीचं घर गिरणीला लागूनच. नवरा कधीच वारलेला, घरात ती आणि तिचा मुलगा.

सकाळी अंघोळ करून ती श्वासावर ध्यान लावायची. श्वास घेताना ‘सो’, सोडताना ‘हं’. नेमका तेव्हाच आमच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागायचा. “अगं बाई, तुझ्या गिरणीत माझं सोहं पार दळून निघालं!” ती भिंतीपलीकडून ओरडायची. मी गिरणी बंद करायला गेले की म्हणायची, “ऱ्हाऊ दे. लोकान्ला भाकरी नको का?”

ही साधना तिला नारायणगडाच्या जत्रेत एका म्हाताऱ्या गोसाव्यानं दिली होती. नवरा गेल्यावर तिला झोप येत नव्हती, म्हणून. बसता बसता लांबचं दिसायला लागलं, असं ती सांगायची. गोसाव्यानं एकच बजावलं होतं. ही नजर दुसऱ्यांसाठी आहे, आपल्या रक्ताच्या माणसाला बघायला गेलीस तर काही दिसणार नाही.

टोळ्या गेल्या की तिच्या ओट्यावर म्हातारे येऊन बसायचे. “माझा पोरगा बरा हाय का बघ की जिजी.” जिजी डोळे मिटून सांगायची. एका म्हाताऱ्याला ती म्हणाली, “पोरगा बरा हाय. बैल जरा लंगडतोय.”

“आगं, त्यो ट्रॅक्टरवर गेलाय. बैल कुठून आला?”

“मंग शेजारच्या खोपीतल्याचा असंल. मला काय बैलाचं नाव दिसतंय व्हय?”

सगळे हसले. तो म्हाताराही हसला, आणि हसतच घरी गेला.

तुम्ही म्हणाल, आता तर घरोघरी मोबाइल आहेत. आहेत की. पण पोरं फोनवर “बरं हाय, ठेवतो” म्हणतात आणि ठेवतात. जिजी मात्र पोरानं काय खाल्लं, कुठल्या झाडाखाली बसला, सून कुणाशी हसली, सगळं सांगायची.

यंदा तिचा मुलगा उसाच्या मोळ्या भरायला कर्नाटकात गेला. संक्रांतीनंतर त्याचा फोन बंद झाला. टोळी नेणाऱ्या मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, “भांडून दुसऱ्या टोळीत गेला. कंच्या, ते मला काय ठाव?” आम्ही दोघी पोलिसांत गेलो, तर पोरगा मोठा आहे, येईल म्हणाले. जिजी सकाळ-दुपार बसायची. तिला काही दिसेना.

एक दिवस ती गिरणीत आली आणि चष्मा माझ्या हातात दिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घेतला. “न्हाई, आज तू बस. मी हितं हाय.”

“मी? मला काय येतंय जिजी?”

“तू बोलत न्हाईस, तुझं मन रिकामं हाय. शाळाबी चौथीच. लई शिकल्यालं माणूस मधी मधी येतंय.”

तिनं मला पोत्यावर बसवलं, पाठ सरळ केली, श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. मी डोळे मिटले. अंधार होता. नाकात ज्वारीच्या पिठाचा वास.

“काय दिसतंय?”

“काही नाही.”

“घाई करू नको. त्याच्या अंगात निळा सदरा हाय बघ.”

निळासुद्धा दिसेना. ती रोज यायची. मी रोज बसायचे. शेजारची सुमन मला बाजूला घेऊन म्हणाली, “कशाला छळ मांडलाय म्हातारीचा? सांगून टाक की बरा हाय म्हणून. तुझं काय जातंय?” मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून मी म्हणाले, “जिजी, दिसला. बरा आहे. जेवतोय.”

मी डोळे उघडले, तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“कशासंगं जेवतोय?”

मी बसल्या पोत्याची सुतळी ओढायला लागले.

जिजीनं माझ्या केसांवरचं पीठ झटकलं. “मला नको सांगू असं, बाई. मीबी लई जणान्ला सांगितलंय. कवा दिसायचं, कवा न्हाई. न्हाई दिसलं की म्होरच्याचं तोंड बघून सांगायची.”

त्यानंतर ती बसायला आली नाही. आठवड्याच्या आतच तिनं कापडाची पिशवी भरली. मी भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि जीपमधून केजच्या स्टँडवर तिच्यासोबत गेले. एवढी वर्षं गावाला कर्नाटकातल्या गोष्टी सांगणारी जिजी जिल्ह्याबाहेर कधी गेली नव्हती.

कंडक्टरनं विचारलं, “कुठं, आजी?”

“कर्नाटकात.”

“कर्नाटक केवढं हाय. कंच्या गावाला?”

जिजीनं माझ्याकडे बघितलं. मागची माणसं खोळंबली होती. कंडक्टर जरा नरमला. “लातूरपर्यंत देतो. पुढं तिथं इचारा.”

“तिथल्या लोकान्ला ठाव असंल का?”

“इचारा की,” तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.

मीही सोबत येते म्हणायला हवं होतं, पण मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली. गाडी निघाली.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. तिचा मुलगा त्यात नव्हता. परतलेली माणसं आधी तिच्या दारापाशी जातात, कुलूप बघतात आणि गिरणीत येतात.

“जिजी कुठं गेली?”

“तिकीट लातूरचं होतं,” मी सांगते. पुढचं मला माहीत नाही.