समजलं का? हाव!

आमच्या कक्षातल्या लोखंडी कपाटात दोनच गोष्टी साठतात, उरलेली पोस्टरं आणि किस्से. पोस्टरं निदान रद्दीत घालता येतात. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते चहाबरोबर फुकट वाटावे लागतात.

बुलडाण्यात पाणी आणि स्वच्छतेच्या एका कार्यक्रमात मी संवाद सल्लागार आहे. हात धुवा, संडास वापरा, पाणी झाकून ठेवा, हे सगळं लोकांना समजेल असं सांगायचं, एवढंच माझं काम. आता ते लोकांना समजतं की नाही, हे मला अजून समजलेलं नाही!

गाडीत आम्ही तिघं असतो. मी, ड्रायव्हर शेखचाचा आणि गावोगावी सभा घेणाऱ्या सुनंदाताई. ताई साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या गावच्या शाळेत मुलींचं शौचालय बांधून तयार आहे, रंगसुद्धा दिलाय, पण पाणी नाही म्हणून कुलूप. मोठ्या मुली महिन्यातले चार-पाच दिवस घरी बसतात आणि मग एक दिवस कायमच्या बसतात. ताईंनी स्वतः ह्यापायीच आठवीत शाळा सोडली होती. पुढच्या सगळ्या परीक्षा बाहेरून दिल्या. तिथं नळ यावा म्हणून ग्रामसभेचा ठराव हवा. पण सभेला जेमतेम दहा माणसं, आणि नळाचा विषय दर वेळी 'पुढच्या सभेत'.

"सर, साऱ्या जिल्ह्याले शिकवत हिंडते मी," ताई म्हणायच्या, "अन् माह्या गावच्या पोरींले एक तोटी नाही देऊ शकत!" मला फार वाईट वाटायचं. मी नवीन पोस्टर काढायचो.

*

सुरुवातीला मी प्रत्येक सभेच्या शेवटी विचारायचो, "समजलं का?" सगळं गाव एका सुरात म्हणायचं, "हाव!" मी खूश.

देऊळघाटला जरा खोलात जायची दुर्बुद्धी झाली. म्हटलं, "काय समजलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक आजोबा सावकाश उठले.

"तुमाले लय समजते, हे समजलं!"

*

ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. ह्याहून सोपं काय असेल? मोताळ्याकडच्या एका गावात डबे वाटून आलो आणि पंधरा दिवसांनी पाहणीला गेलो. एक काकू रद्दीच्या ढिगावर तांब्यानं पाणी शिंपडत होत्या.

"काकू, हे काय?"

"निळा डबा भरला न साहेब. मंग ओला करून हिरव्यात टाकून राह्यली!"

मी गाडीत बसून आमची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. असं करू नये, असं तिच्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"बात तो सही है बाई की," चाचा म्हणाले.

*

एका सरपंचांच्या भिंतीवर आम्ही घोषवाक्य रंगवून घेतलं, 'उघड्यावर शौचास जाऊ नका'. भिंत आखूड पडली, म्हणून पेंटरनं शेवटचा शब्द शेजाऱ्याच्या भिंतीवर काढला. दोन्ही भिंती लागून होत्या, अक्षरं टपोरी होती, फोटो फर्स्टक्लास आला. साहेबांनी मला शाबासकी दिली.

महिन्याभरात शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यानं आपल्या भिंतीला चुना मारला. सरपंचांचा फोन!

"साहेब, एस्टीतून माणसं वाचून हासून राह्यले! म्हणतात, सरपंच सोता आमंत्रण देऊन राह्यला!"

मी धावत गेलो. शेजाऱ्याला हात जोडले, म्हटलं, तेवढा एक शब्द पुन्हा काढू द्या. तो ऐकेना.

"लग्नघर हाय साहेब माहं. पाहुणे येतीन अन् दारात 'नका' वाचून परत जातीन, त्याचं काय?"

त्याचंही बरोबर होतं. ह्या नोकरीत सगळ्यांचंच बरोबर असतं, तीच पंचाईत आहे.

*

जळगाव जामोद तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही साबणानं हात धुण्याच्या पायऱ्या शिकवल्या. तळवे, बोटांच्या फटी, नखं, अंगठे, सगळं. महिन्यानं न सांगता गेलो तर खिचडीआधी सगळी शाळा रांगेत उभी राहून हात चोळतेय. एकही पायरी चुकत नव्हती. माझा ऊर भरून आला. जवळ जाऊन बघतो तर पाणी नाही, साबण नाही, हात कोरडे ठणठणीत!

"पाणी लहान सुट्टीतच संपते, सर," गुरुजी म्हणाले. "पण सवय मोडू नाही म्हणून कोरडी प्रॅक्टिस!"

आमच्या तपासणीच्या फॉर्मात प्रश्न होता, 'मुले योग्य पद्धतीने हात धुतात काय?' पद्धत तर योग्यच होती. मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी तो फॉर्म ताईंनीच भरला. काय भरलं ते मी विचारलं नाही.

*

मग वरून आदेश आला, नुसत्या शौचालयाचा फोटो चालणार नाही, वापराचा पुरावा पाहिजे. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'शौचालय वापराचे फोटो आजच पाठवा. अर्जंट.'

दुपारपर्यंत ग्रुप गार. चारच्या सुमारास एका ग्रामसेवकाचा मेसेज आला, 'सर, लाभार्थी तयार होत नाहीत.'

मी डोक्याला हात लावेपर्यंत दुसरा आला, 'एक तयार झाला आहे, पण त्याची पत्नी नाही म्हणते. मार्गदर्शन व्हावे.'

*

आणि आता ताईंच्या गावची ती ग्रामसभा.

ह्या वेळी ताईंनी हट्टानं दोन विषय लावून घेतले. पहिला, 'मासिक पाळी : समज-गैरसमज', दुसरा शाळेचा नळ. ग्रामसेवक तरुण आणि लाजाळू. चावडीच्या फळ्यावर 'मासिक' लिहायचा त्याला धीर होईना. त्यानं तो शब्द गाळला आणि लिहिलं, 'विषय १ : पाळीबाबत मोकळी चर्चा. सर्वांनी यावे.'

आता त्या गावात नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांआड, गल्लीवार. त्याला सगळं गाव म्हणतं पाळी!

सकाळी दहाला पोचलो तर चावडीत पाय ठेवायला जागा नाही. टोप्या, उपरणी, पागोटी, सगळे पुरुष पुढं बसलेले. बाया मागं, भिंतीला टेकून. हे फळ्याचं प्रकरण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ह्या विषयावर एवढे बाप्ये आले, क्रांती झाली! मी सद्गदित होऊन वही उघडली.

पहिले उठले गणपतआबा. सत्तरीचे, गावातला सगळ्यात वजनदार माणूस. घसा खाकरून म्हणाले, "मोकळं बोला म्हणता, त बोलतो. आमच्या गल्लीची पाळी कधीच टाइमावर येत नाही. कधी आठ दिवसांत येते, कधी पंधरा!"

मी लिहून घेतलं.

"अन् आली त अर्ध्या घंट्यात बंद!" मागून दुसरा म्हणाला.

"वरच्या आळीची दोन-दोन दिवस चालते, मंग आमचीच काऊन नाही?" तिसरा तावातावानं उठला.

बायांनी तोंडात पदर कोंबले होते. एक तर उठून बाहेरच पळाली. माझं पेन थांबलं. मी ताईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

"बराबर हाय आबा," ताई उभ्या राहिल्या. "पाळी आली अन् घरात पाणी नसलं, त काय होते?"

"हाल होतात बाई!"

"कोणाचे?"

"बायामाणसाचेच! दुसऱ्या कोणाचे?"

"मंग शाळेत पोरींची पाळी आली, त तिथं पाणी पायजे का नाही?"

कोणाला काय समजलं आणि काय नाही, देव जाणे. मागच्या रांगेतला एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला, दुसऱ्यानं खाली मान घातली. दोघं-तिघं उठायच्या बेतात होते. गेले असते तर विषय पुन्हा पुढच्या सभेत.

तेवढ्यात आबांनी काठी फरशीवर आपटली. "बसा बे सारे! बाई काय खोटं बोलून राह्यली का? पायजेच पाणी! लिहा हो ग्रामसेवक, शाळेच्या पोरींले नळ. कोणाचं काही म्हणणं?"

कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. हात वर झाले. मी मोजायला लागलो आणि दोनदा चुकलो. ग्रामसेवकानं कान लाल करून ठराव लिहिला. ताई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या हे मला दिसलं, पण मी तसं दाखवलं नाही.

सभा उठली. बाहेर चप्पल घालता घालता मी ताईंना हळूच म्हटलं, "ताई, आबांना नक्की कोणती पाळी समजली हो?"

"मले काय माहीत, सर!"

मागून काठीचा आवाज आला. आबा आमच्याजवळ येऊन थांबले. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"बाई, नळ त होईन. पण दाराले आतून कडी बसवून घेजा. कडी नसली, त त्या दिवसांत पोरी तिथं पाय ठेवत नाहीत."