थंड घराचे चिरे

त्या दुपारी मी नि माझ्या बायकोने, सुमनने, परसात बसून आठळ्या (फणसाच्या बिया) सोलल्या. सुमन म्हणाली, खाणीवर मी पण येणार, तुम्हाला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) वाजवून घ्यायचं कळत नाही. संध्याकाळी तिच्या छातीत दुखलं नि ती गेली.

तिचं पुण्यानुमोदन (बौद्ध रीतीचा मृत्यूनंतरचा विधी) झाल्यावर एकटाच निघालो. मुंबईतल्या मुलाला, राजूला, गावी घर बांधायचंय. एसी न लावता थंड राहील, वीज कमी लागेल, असं चिऱ्याचं. दगड पसंत करून या म्हणाला.

लांज्याहून एसटी धरली. डोळा लागला नि खाणीचा फाटा मागे गेला. उन्हातून उलटा चालत आलो. सड्यावर (कातळाचं पठार) पोचलो, तर सडा राहिलाच नव्हता. चौकोनी खोल खड्डे, त्यात मशीन कातळ कापत होतं. धुळीने झाडांची पानं लाल, माणसांच्या भुवया लाल.

मुकादम गोड बोलला. या चिऱ्याच्या घरात पंखासुद्धा लागत नाही म्हणाला. मी चिरा वाजवला. खणखणीत होता. पाणी मागितलं तर म्हणाला, टँकर आला नाही अजून, खालच्या घरात विचारा काका.

तिथे एक म्हातारी होती. तिने अर्धा तांब्या पाणी नि गुळाचा खडा दिला. कुठचे, कशाला आलात, विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे तुमचं घर गार व्हायचं नि माझी बाव (विहीर) कोरडी. खाण खाली गेली, तसं पाणी पण गेलं. प्या. दिलेलं परत घेत नाय मी."

तिच्या वाट्याचं पाणी पिणं वाईट. तरी प्यायलो. टाकणं त्याहून वाईट.

चिरे न ठरवताच परत फिरलो. एसटीत मनात आलं, सुमन असती तर तिनेही दगड वाजवून पसंत केला असता. मला तहान लागली म्हणून ती बाव कळली, नाहीतर कोण विचारतंय.

घरी येऊन राजूला फोन केला. तो चिडला. सिमेंटलाही कुठचा तरी डोंगर फोडतात, वर भट्टी पेटवतात, म्हणाला. खरं आहे ते.

"मग कशाचं बांधू, बाबा?"

"गोठा रिकामाच आहे. भिंत मातीत बांधलेली, चिरे अख्खे निघतील."

"त्यात दोनच खोल्या होतील."

"माणसं किती उरलीत?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन गोठ्याच्या भिंतीला लागलो. पहिला चिरा अख्खा निघाला. एकट्याला उचलवेना. लोळवत अंगणात आणला नि दुसऱ्याला पहार लावली.