जगदाळे सरांचा सोमालीलँड

लालबाग राजवाड्याच्या मागल्या गल्लीत राहणाऱ्या जयसिंगराव जगदाळ्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. सरांनी मात्र चौतीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि जीव लावला तो फुटून निघालेल्या देशांना. निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा मराठी वाचनालयात त्यांचं व्याख्यान असतं. ऐकायला दहा-बारा जण येतात, त्यातले चार नंतरच्या पोह्यांसाठी. पण सर रंगात आले की पोहे गार झाले तरी कुणी उठत नाही, हेही खरं.

सोमालीलँड त्यांचा विशेष लाडका. "१९९१ला वेगळा झाला. स्वतःचं चलन आहे, फौज आहे, निवडणुका होतात. आपलं घर नीट चालवतोय बिचारा! तरी यूनोच्या यादीत नाव नाही. जग त्याला अजून जुन्याच घरातला धरून चाललंय." इथे सरांचा आवाज हमखास कापरा व्हायचा. मग ठरलेलं वाक्य यायचं, "मनातल्या मनात दिलेली मान्यता ही मान्यता नव्हे. ती लिहून द्यावी लागते."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. या गृहस्थांची एकुलती एक मुलगी निधी तीन वर्षांपूर्वी बेटम्याचं सासर सोडून निघाली. मारझोड नव्हती, दारू नव्हती. नवरा-बायकोचं जमलं नाही, इतकंच. रीतसर घटस्फोट झाला. सिमरोलला इंजिनिअरिंगच्या संस्थेत नोकरी लागली, जवळच तिने छोटासा फ्लॅट घेतला. सर फोनवर बोलायचे, पण तिच्या घराचा उंबरठा चढले नव्हते. "भांडून माहेरी आली असती तर समजलो असतो," म्हणायचे. "बाईचं एकटीचं वेगळं घर, ये क्या बात हुई?" आणि दर दिवाळीला लेकीच्या फराळाचा डबा, वर स्वतःच्या अक्षरात पत्ता घालून, बेटम्यालाच रवाना करायचे. निधी फोनवर विचारायची, "बाबा, कधी येताय?" की सर हवापाण्यावर बोलू लागायचे. असा हट्टी माणूस!

यंदा धनतेरसच्या दुसऱ्या दिवशी मनीष, म्हणजे पूर्वीचा जावई, स्कूटरवरून तोच डबा परत घेऊन आला. दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"बाबूजी, बुरा मत मानना," तो म्हणाला. "तीन साल गुपचूप खाल्लं आम्ही. पण हे निधीच्या वाट्याचं आहे ना? अब गळ्याखाली उतरत नाही."

वाकून नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता गेला.

सरांनी डबा समोर ठेवून वरचा पत्ता पुन्हा वाचला. परक्या पोराला जे कळलं ते आपल्याला कळू नये, याची त्यांना लाज वाटली. शेवटी पेन काढून त्यांनी बेटम्याचा पत्ता खोडला आणि आत हाक मारली, "प्रेमलता, तयार हो. सिमरोलला जायचंय."

प्रेमलताबाईंनी साडी बदलली, पिशवी उचलली. पाच मिनिटांत तयार.

फ्लॅटच्या फाटकावर गार्ड उठून उभा राहिला. "नमस्ते आंटीजी! आज तो गुरुवार नहीं है?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. गेली तीन वर्षं दर गुरुवारी ती अन्नपूर्णेच्या मंदिरात भजनाला जाते, अशी त्यांची माहिती होती.

"भजन?" त्यांनी विचारलं.

"परतताना जायचे की तिथेही," त्या पदर सावरत म्हणाल्या. "लाडू तिला पोचत होते हो. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

सरांचे डोळे भरून आले होते, चष्मा पुसण्याचं निमित्त झालं.

"अंकल, आप ऐसे ही जाइए," गार्ड म्हणाला. "आंटीजी को तो सब जानते हैं."

"नहीं भिया," सर म्हणाले. "लिखके देना पड़ता है."

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. नावाच्या रकान्यात नाव लिहिलं. 'किसके यहाँ' या रकान्यात, फळ्यावर लिहायचे तशा टपोऱ्या अक्षरात, लिहिलं: निधीच्या घरी.

सहीला तिथे रकाना नव्हता. सरांनी समासात जागा शोधून पूर्ण सही केली, खाली तारीख घातली आणि डबा बायकोच्या हातून आपल्या हातात घेतला.